ॲबी रोड स्टुडिओ

लंडनच्या सेंट जॉन्स वुड या वस्तीतील जगप्रसिद्ध ध्वनिमुद्रणगृह. पत्ता : ३, ॲबी रोड. १२ नोव्हेंबर १९३१ रोजी ते सुरू झाले. मुद्दाम ध्वनिमुद्रणासाठीच उभारलेले जगातील पहिले मोठे गृह म्हणून ते ओळखले जाते. बीटल्स या चौघांच्या चमूने १९६२ पासून पुढच्या सात-आठ वर्षांत आपली बहुतेक गाणी येथेच मुद्रित केली आणि तेव्हापासून हे नाव त्यांच्याशी कायमचे जोडले गेले. मात्र त्यांच्या आधीची तीस वर्षे नजरेआड केली, तर या वास्तूचे खरे मोठेपण कळत नाही. येथे नामवंत कलावंत आले हे खरेच. पण त्यांच्या मागे उभ्या असलेल्या कारागीर वृत्तीच्या तंत्रज्ञांनी, यंत्रे स्वतः घडवून, आवाज टिपण्याची कलाच पुढे नेली.

रस्त्यावरून पाहणाऱ्याला आजही एक साधे, पांढऱ्या रंगाचे दुमजली घर दिसते. हे घर १८३१ च्या सुमाराचे. तबकड्या काढणाऱ्या ग्रामोफोन कंपनीने ते १९२९ मध्ये घेतले, ते घराच्या मागे असलेल्या लांबरुंद बागेसाठी. दर्शनी भाग तसाच ठेवून बागेच्या जागेत तीन मुद्रणकक्ष बांधण्यात आले. बांधकाम चालू असतानाच, मार्च १९३१ मध्ये, ग्रामोफोन आणि कोलंबिया या दोन प्रतिस्पर्धी कंपन्या एकत्र येऊन ईएमआय ही कंपनी जन्माला आली. त्यामुळे स्टुडिओचे अधिकृत नाव बरीच वर्षे ईएमआय स्टुडिओज असेच होते.

एवढ्या मोठ्या जागेची गरज का पडली, हे समजायला थोडे मागे जावे लागते. १९२५ पर्यंत ध्वनिमुद्रण भोंग्याने होई. वादक भोंग्याभोवती दाटीवाटीने बसत आणि हवेच्या कंपनांच्या जोरावरच सुई मेणावर रेषा कोरी. अशा कामाला लहान, कोंदट खोली पुरे. मायक्रोफोन आला आणि संपूर्ण वाद्यवृंद त्याच्या नैसर्गिक घुमाऱ्यासह टिपता येऊ लागला. मग खोलीचा आवाज हाही संगीताचा भाग झाला. कंपनी मोठमोठी सभागृहे भाड्याने घेऊ लागली. पण ती हवी तेव्हा मिळत नसत आणि बाहेरच्या गोंगाटाचा त्रास होई. त्यावरचा उपाय म्हणजे स्वतःचेच सभागृह.

उद्‌घाटनाला चौऱ्याहत्तर वर्षांचे संगीतकार एडवर्ड एल्गार यांनी लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राचे संचालन केले. त्या प्रसंगाचे बोलके चित्रीकरण उपलब्ध आहे. इंग्लंडमध्ये घरोघरी पाठ असलेली आपलीच चाल ‘जणू कधी ऐकलीच नाही अशी वाजवा’, असे ते वादकांना सांगताना त्यात दिसतात. पुढल्याच वर्षी, जुलै १९३२ मध्ये, एल्गार यांच्याच संचालनाखाली सोळा वर्षांच्या येहुदी मेन्युहिन यांनी एल्गार यांचा व्हायोलिन कन्चेर्टो (व्हायोलिन आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना) येथे वाजवला. ते मुद्रण आजही ऐकले जाते. ते घडवून आणले ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गायस्बर्ग यांनी. १९०२ मध्ये कलकत्त्याला येऊन गायिका गौहरजान यांचा आवाज तबकडीवर उतरवणारे गायस्बर्ग ते हेच. तबकडीवर मुळीच विश्वास नसलेल्या आर्टुर श्नाबेल या पियानोवादकालाही त्यांच्या कंपनीने याच काळात राजी केले आणि १९३२ ते १९३५ दरम्यान बेथोव्हेनचे ३२ पियानो सोनाटा येथे मुद्रित झाले.

त्या काळातली रीत विलक्षण कठोर होती. मेणाची जाड तबकडी उबदार कपाटात ठेवून मऊ केली जाई. ती फिरवणाऱ्या यंत्राला विजेची मोटर नसे. मोटरच्या गतीतला किंचितसा चढउतारही सुरात उतरेल म्हणून, जुन्या भिंतीवरच्या घड्याळासारखे वजन खाली सोडून त्या ओढीवर तबकडी फिरवत. एका बाजूला चार-साडेचार मिनिटे मावत. लांब रचनेचे तेवढे तुकडे पाडून वाजवायचे आणि एक सूर चुकला की ते मेण बाद करून सगळे पहिल्यापासून. जोडकाम नाही, दुरुस्ती नाही. त्या मुद्रणांमध्ये जो ताण आणि जिवंतपणा जाणवतो, त्याचे श्रेय काही अंशी या मेणाला द्यायला हवे.

ॲलन ब्लुमलाइन हे या संस्थेच्या इतिहासातले सर्वांत उपेक्षित नाव म्हणावे लागेल. हे ईएमआयचे अभियंते. चित्रपटगृहात नट पडद्याच्या एका टोकाला असला तरी आवाज एकाच जागेवरून येतो, हे त्यांना खटकले. १४ डिसेंबर १९३१ रोजी, म्हणजे स्टुडिओ सुरू झाल्यानंतर सुमारे महिन्याभराने, त्यांनी दोन वाहिन्यांच्या ध्वनीच्या, आज आपण ज्याला स्टीरिओ म्हणतो त्याच्या, पेटंटसाठी अर्ज केला. एकाच खाचेच्या दोन उतरत्या भिंतींवर डावा आणि उजवा असे दोन आवाज कोरण्याची युक्ती त्यात होती. जानेवारी १९३४ मध्ये संगीतसंचालक टॉमस बीचम लंडन फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाकडून मोझार्टची ‘ज्युपिटर’ सिंफनी वाजवून घेत असताना ब्लुमलाइन यांनी येथे ती टिपून पाहिली. प्रयोग यशस्वी झाला. पण बाजारात त्याला मागणी नाही म्हणून कंपनीने तो बाजूला ठेवला. स्टीरिओ तबकड्या दुकानांत आल्या त्या १९५८ च्या सुमारास. तोवर ब्लुमलाइन हयात नव्हते. ७ जून १९४२ रोजी विमानातील रडारची चाचणी चालू असताना विमान कोसळून त्यांचा मृत्यू झाला. तेव्हा ते ३८ वर्षांचे होते.

युद्धकाळातही काम चालू राहिले. अमेरिकी बँडप्रमुख ग्लेन मिलर यांनी सप्टेंबर १९४४ मध्ये येथे मुद्रण सुरू केले. त्याच वर्षी १५ डिसेंबरला इंग्लिश खाडीवर त्यांचे विमान नाहीसे झाले. युद्ध संपल्यावर जर्मनीत सापडलेल्या चुंबकीय फितीच्या यंत्रांचा अभ्यास करून ईएमआयने स्वतःची फीतयंत्रे बनवली. फीत कापता येते, जोडता येते, पुसता येते. मेणाचे राज्य त्यामुळे संपले.

१९५० च्या दशकाअखेर तरुणांचे संगीत या घरात शिरले. जुलै १९५८ मध्ये क्लिफ रिचर्ड यांनी ‘मूव्ह इट’ हे गाणे दुसऱ्या कक्षात मुद्रित केले. हा कक्ष साधारण ६० फूट लांब, ३८ फूट रुंद आणि २४ फूट उंच. नियंत्रण कक्ष वरच्या मजल्यावर. तेथून एक अरुंद लाकडी जिना खाली उतरतो. भिंतींवर आवाज शोषून घेण्यासाठी वाळलेले समुद्रगवत भरलेल्या रजया टांगलेल्या. शेजारच्या टाइल लावलेल्या खोलीत एका बाजूला ध्वनिवर्धक आणि दुसऱ्या बाजूला मायक्रोफोन ठेवून कृत्रिम घुमारा तयार केला जाई. शिस्त सरकारी कचेरीची : दिवसाला तीन-तीन तासांच्या तीन बैठका, अभियंत्यांना टाय, तंत्रज्ञांना पांढरे डगले.

६ जून १९६२ रोजी लिव्हरपूलचे चार तरुण, म्हणजेच बीटल्स, येथे प्रथम आले. पार्लोफोन या ईएमआयच्या छोट्या शाखेचे प्रमुख जॉर्ज मार्टिन त्यांचे निर्माते झाले. ११ फेब्रुवारी १९६३ या एका दिवसात, सकाळी दहा ते रात्री पावणेअकराच्या दरम्यान, त्यांनी पहिल्या अल्बममधील दहा गाणी उरकली. तीन वर्षांनी तेच लोक एका गाण्यावर अनेक दिवस घालवू लागले होते. हा बदल केवळ कलावंतांच्या हट्टाने झाला नाही. स्वतःचा आवाज दोनदा गाऊन एकमेकांवर चढवण्याचा चौघांपैकी जॉन लेनन यांना कंटाळा होता. तेव्हा १९६६ मध्ये तंत्रज्ञ केन टाउन्सेंड यांनी फीतयंत्रातून निघणारा आवाज दुसऱ्या यंत्रावर घेतला, त्याची गती किंचित हलवली आणि काही सहस्रांश सेकंदांच्या फरकाने तो मूळ आवाजाशी परत जोडला. एक माणूस दोनदा गायल्यासारखे ऐकू आले. आज ही करामत संगणकावर एका टिचकीसरशी होते. तिचे मूळ दोन यंत्रांच्या आणि एका माणसाच्या खटपटीत आहे. जेफ एमरिक या तरुण अभियंत्याने याच सुमारास ढोलाच्या अगदी जवळ मायक्रोफोन नेला, ढोलात लोकरी स्वेटर कोंबला. कंपनीच्या नियमात हे बसत नव्हते. ढोलाचा जो ठोस ठेका आज सर्वत्र ऐकू येतो, तो मात्र अशा नियमभंगातून आला.

१० फेब्रुवारी १९६७ रोजी बीटल्सच्या ‘अ डे इन द लाइफ’ या गाण्यासाठी पहिल्या कक्षात ४० वादक बसवण्यात आले. प्रत्येकाने आपल्या वाद्याच्या सर्वांत खालच्या सुरापासून वर चढत जायचे, शेजाऱ्याकडे लक्ष द्यायचे नाही, एवढीच सूचना. चार पट्ट्यांच्या, म्हणजे एकाच फितीवर चार वेगवेगळी मुद्रणे शेजारी-शेजारी ठेवणाऱ्या, यंत्रावर जागा उरली नव्हती. टाउन्सेंड यांनी सेकंदाला पन्नास आवर्तनांचा एक सूर एका यंत्रावर मुद्रित करून त्याच्या आधाराने दुसऱ्या यंत्राची मोटर चालवली आणि दोन्ही यंत्रे एकत्र धावली. गाण्याच्या शेवटचा पियानोचा सूर विरत जातो तसा अभियंत्याने आवाज वर वर खेचला आहे. कान देऊन ऐकल्यास खुर्चीची करकर ऐकू येते.

याच कक्षांत भारतीय वाद्येही घुमली. एप्रिल १९६६ मध्ये बीटल्सपैकी जॉर्ज हॅरिसन यांच्या ‘लव्ह यू टू’ या गाण्यासाठी अनिल भागवत यांनी तबला वाजवला आणि अल्बमच्या वेष्टनावर त्यांचे नाव छापले गेले. मार्च १९६७ मध्ये ‘विदिन यू विदाउट यू’साठी लंडनमधील भारतीय वादक तबला, दिलरुबा, तंबोरा घेऊन दुसऱ्या कक्षात बसले. उलट दिशेचा प्रवासही झाला : ‘द इनर लाइट’ या गाण्याचे वादन जानेवारी १९६८ मध्ये मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत मुद्रित झाले आणि गायन पुढच्या महिन्यात ॲबी रोडवर.

कंपनीची सावधगिरी तिला नडलीही. आठ पट्ट्यांची यंत्रे शहरातल्या लहान, खासगी स्टुडिओंमध्ये सुरू झाली तरी येथे त्यांच्या चाचण्याच चालल्या होत्या. बीटल्सना १९६८ मध्ये काही कामासाठी बाहेर जावे लागले. पुढच्या वर्षी ट्रान्झिस्टरवर चालणाऱ्या नव्या मिश्रण-यंत्रावर त्यांनी जो अल्बम केला, त्यालाच रस्त्याचे नाव दिले. ८ ऑगस्ट १९६९ रोजी सकाळी पोलिसाने रहदारी थांबवली, छायाचित्रकार इयन मॅकमिलन शिडीवर चढले, सहा छायाचित्रे घेतली आणि चौघे समोरचे झेब्रा क्रॉसिंग ओलांडून गेले. १९७० च्या दशकात स्टुडिओने अल्बमचेच नाव स्वीकारले.

पिंक फ्लॉइड या रॉक चमूने १९७२-७३ मध्ये ‘द डार्क साइड ऑफ द मून’ हा अल्बम येथेच घडवला. अभियंता होते ॲलन पार्सन्स. नाण्यांचे आवाज टिपलेले फितीचे तुकडे मोजून कापून, त्यांचे कडे करून ते यंत्रावर फिरवत ताल तयार करण्यात आला. मधूनमधून ऐकू येणारी बोलणी स्टुडिओच्या द्वारपालासह तेथे हजर असलेल्या लोकांची आहेत.

पहिल्या कक्षाचे भवितव्य त्या दशकाच्या शेवटी डळमळीत झाले होते. एवढी मोठी जागा पॉप संगीताला लागत नव्हती. १९८० मध्ये चित्रपटसंगीताचे मुद्रण करणाऱ्या अँव्हिल या कंपनीशी भागीदारी झाली आणि कक्ष पुन्हा गजबजला. संगीतकार जॉन विल्यम्स यांनी ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’ (१९८१) आणि ‘रिटर्न ऑफ द जेडाय’ (१९८३) या चित्रपटांचे संगीत लंडन सिंफनीकडून येथे वाजवून घेतले. शंभराहून अधिक वादक आणि तेवढेच समूहगायक मावतील अशा जागा जगात थोड्या आहेत.

फेब्रुवारी २०१० मध्ये कर्जात बुडालेली ईएमआय ही वास्तू विकणार असल्याची बातमी आली आणि मोठा गदारोळ उठला. त्याच महिन्यात ब्रिटिश सरकारने तिला दुसऱ्या श्रेणीची संरक्षित वास्तू घोषित केले; डिसेंबरमध्ये झेब्रा क्रॉसिंगलाही तोच दर्जा मिळाला. रस्त्यावरच्या पट्ट्यांना असे संरक्षण मिळाल्याचे हे पहिलेच उदाहरण. २०१२ मध्ये ईएमआयचा ध्वनिमुद्रण व्यवसाय युनिव्हर्सल म्युझिकने घेतला, त्यासोबत स्टुडिओही गेला. २०१५ पासून ध्वनिमुद्रण शिकवणारी संस्था त्याच्या नावाने चालते. पर्यटक फाटकाजवळच्या पांढऱ्या भिंतीवर संदेश लिहितात. भिंत भरली की ती पुन्हा रंगवली जाते. आत सर्वसाधारणपणे प्रवेश नाही, कारण मुद्रणे चालू असतात.