वस्तरा फिरवला की दाढी दाट येते? नाही हो

सलूनमध्ये पोरगं आलं की कोणीतरी काका सांगणारच, "झिरो मारून टाक, मग बघ कशी भरून येते!" अहो, केस वाढतो तो कातडीखालच्या मुळातून, वर दिसतो तो मेलेला भाग, त्याला कापलं काय न कापलं काय, मुळाला पत्ताच नसतो. 1928 साली अमेरिकेत मिल्ड्रेड ट्रॉटर या शरीररचनेच्या अभ्यासक बाईंनी चार पुरुषांची दाढी करून हे तपासलंय, केस जाड झाले नाहीत की भरभर वाढले नाहीत. मग खरखरीत का लागतं? न कापलेल्या केसाचं टोक निमुळतं असतं, ब्लेडने ते सपाट होतं, म्हणून खुंट बोटाला टोचतात. ट्रिमिंगने दाढी भरल्यासारखी दिसते खरी, पण ती कडा नीट झाल्याची कमाल, गालावरची मोकळी जागा तशीच राहते.