गुणांकित गटचर्चा

वर्गातील विद्यार्थ्यांच्या लहान गटाने ठरावीक मजकुरावर किंवा प्रश्नावर आपापसांत केलेली आणि शिक्षकाने आधी जाहीर केलेल्या निकषांवर गुण वा श्रेणी दिलेली चर्चा. वादविवाद स्पर्धेत बाजू आधीच वाटलेल्या असतात. येथे त्या नसतात, आणि पुरावा पाहून मत बदलणे हा दोष न ठरता गुण ठरतो. तोंडी परीक्षेपेक्षाही ती निराळी आहे, कारण विद्यार्थी परीक्षकाशी न बोलता सहाध्यायांशी बोलतो.

उगम : याविषयी एकमत नाही. भारतीय लेखनात हा उगम बरेचदा प्राचीन शास्त्रचर्चेपर्यंत नेला जातो. न्यायसूत्रांत वाद (सत्य ठरवण्यासाठी), जल्प (जिंकण्यासाठी) व वितंडा (स्वतःची बाजू न मांडता केवळ खंडन) हे चर्चेचे भेद आहेत. चरकसंहितेच्या विमानस्थानात वैद्यांच्या संभाषेचे, म्हणजे चर्चेचे, संधाय (मित्रभावाने केलेली) व विगृह्य (जिंकण्यासाठी केलेली) असे दोन प्रकार येतात. संधाय संभाषेतील वर्तनाचे नियम आजच्या निकषांच्या बरेच जवळ जातात. मात्र शिकणाऱ्याला श्रेणी देण्याची व्यवस्था तेथे दिसत नाही. प्रतिवाद्याचा वकूब आधी जोखावा असे चरकसंहिता सांगते, पण ते त्याच्याशी वादाला बसावे की नाही हे ठरवण्यासाठी. त्यामुळे या परंपरेला पूर्वपीठिका मानणे योग्य, थेट उगम मानणे धाडसाचे होईल.

पाश्चात्त्य मांडणीत दोन धारा दिसतात. पहिली शैक्षणिक. अठराव्या शतकातील जर्मन विद्यापीठांच्या भाषाशास्त्रीय परिसंवादवर्गांपासून ती सांगतात. पुढे १९३० मध्ये एडवर्ड हार्कनेस यांच्या देणगीतून अमेरिकेतील फिलिप्स एक्झिटर अकॅडमीत लंबवर्तुळाकार टेबलाभोवती सुमारे बारा विद्यार्थी बसवण्याची पद्धत रुजली. १९३७ मध्ये अ‍ॅनापोलिसच्या सेंट जॉन्स कॉलेजात ग्रंथवाचनावर आधारित परिसंवाद अभ्यासक्रमाच्या केंद्रस्थानी आले. या धारेत बैठकीची रचना, मजकुराचे महत्त्व आणि शिक्षकाचे मागे सरणे या गोष्टी आहेत. बोलण्याला निकषवार गुण देण्यावर तिचा भर नव्हता.

दुसरी धारा निवडचाचणीची. नेता न नेमता गटाला बोलू देऊन निरीक्षण करण्याचे तंत्र १९२० च्या दशकात जर्मन लष्करी मानसशास्त्रज्ञांनी, विशेषतः रीफर्ट यांनी, वापरले असे सामान्यतः मानले जाते. ब्रिटिश लेखक त्याचे श्रेय १९४२ च्या सुमारास अधिकारी-निवड मंडळांत काम करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञ विल्फ्रेड बिऑन यांना देतात. बिऑन यांचे लक्ष ताणाखालील परस्परसंबंधांवर होते, केवळ चर्चेवर नव्हते. म्हणून चर्चातंत्रापुरता जर्मन दावा अधिक ग्राह्य वाटतो. भारतात हे तंत्र दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच लष्करी निवडीतून आले, सेवा निवड मंडळांत टिकले आणि तेथून व्यवस्थापन संस्थांच्या प्रवेशप्रक्रियेत गेले. वर्गातील बैठक पहिल्या धारेची आणि गुणपत्रक दुसऱ्या धारेचे, असे मानल्यास या पद्धतीच्या बऱ्याच अडचणींचा उलगडा होतो. निवडचाचणी काही जणांना वगळण्यासाठी असते, वर्ग सर्वांना शिकवण्यासाठी.

नेता न नेमता होणाऱ्या गटचर्चेच्या या तंत्रावरील अमेरिकन संशोधनात, विशेषतः मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड बास यांच्या कामात, बोलण्यात घालवलेला वेळ आणि निरीक्षकांनी दिलेले नेतृत्वगुण यांत दाट सहसंबंध आढळला. जो अधिक बोलतो तो अधिक समर्थ भासतो. निकष स्पष्ट नसतील तर वर्गातही नेमके हेच घडते.

कार्यपद्धती : मजकूर दोन-तीन पानांचा, ओळींना क्रमांक दिलेला, किमान दोन दिवस आधी हाती द्यावा. प्रश्न ‘हो–नाही’त संपणारा नसावा. ‘धरणे हवीत का?’ या प्रश्नावर पाठ केलेली भाषणे होतात. ‘दिलेल्या दोन अहवालांपैकी विस्थापितांचा आकडा कोणाचा विश्वासार्ह, आणि का?’ यावर चर्चा होते. गट आठ ते बारा जणांचा, वेळ वीस मिनिटे. दहा जणांत वाटणीला सरासरी दोन मिनिटे येतात, हे विद्यार्थ्यांना आधी सांगितलेले बरे. शिक्षक वर्तुळाबाहेर बसतो व बोलत नाही. शांतता पसरली तरी थांबावे. मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात दाखवले की शिक्षक प्रश्नानंतर जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि ती प्रतीक्षा तीन सेकंदांवर नेली की उत्तरे लांबतात व न बोलणारेही बोलू लागतात. गटचर्चेत त्याहून दीर्घ शांतता सोसावी लागते.

नोंदीसाठी कागदावर नावे वर्तुळात लिहून बोलणे जसे एकाकडून दुसऱ्याकडे जाईल तशी रेघ ओढतात व तिच्यावर खूण करतात : ‘पु’ मजकुरातील पुरावा, ‘जो’ आधीच्या मुद्द्याला जोड, ‘प्र’ खरा प्रश्न, ‘तो’ दुसऱ्याचे बोलणे तोडणे. वीस गुणांची वापरण्याजोगी वाटणी अशी : पुरावा सहा, जोड सहा, प्रश्न चार, इतरांना वाव देणे चार. वक्तृत्व, उच्चार व प्रमाणभाषा यांना येथे गुण ठेवू नयेत. ते ठेवले की घरी प्रमाणभाषा बोलली जाणाऱ्या मुलांना वर्गात न शिकलेल्या गोष्टीचे गुण मिळतात आणि बाकीची गप्प होतात.

नेहमी बिघडणारी गोष्ट म्हणजे बोलण्याच्या वेळा मोजणे. मग ‘मी सहमत आहे’ एवढेच म्हणून हजेरी लावली जाते. म्हणून पुरावा किंवा जोड नसलेले वाक्य मोजू नये. दुसरी गोष्ट, वर्तुळात क्रमाने बोलणे. ते नीटनेटके दिसते, पण कोणी कोणाला उत्तर देत नाही. नोंदीच्या या नकाशावर रेघा कडेकडेने फिरल्या आणि मधोमध एकही गेली नाही, तर हा दोष लगेच उमगतो. वरचढ बोलणाऱ्याला गप्प करण्यापेक्षा त्याला ‘फक्त प्रश्न विचार’ ही भूमिका देणे परिणामकारक ठरते. बुजऱ्या विद्यार्थ्याला पहिला प्रश्न वाचण्याचे काम द्यावे. मजकूर न वाचता आलेल्यांना वर्तुळाबाहेर निरीक्षक म्हणून बसवतात.

गुण गटाला की व्यक्तीला, हा वाद अजून चालू आहे. शिक्षिका अलेक्सिस विगिन्स यांच्या ‘स्पायडर वेब’ (कोळ्याचे जाळे) या चर्चापद्धतीत सर्व गटाला एकच श्रेणी मिळते. त्यामुळे बोलके विद्यार्थी अबोलांना सामावून घेतात, असा युक्तिवाद आहे. सहकारी अध्ययनाचे अभ्यासक स्पेन्सर केगन यांनी १९९५ मध्ये गटगुणांना ठाम विरोध केला : दुसऱ्याच्या कामगिरीवर स्वतःचा निकाल ठरणे अन्यायाचे आहे. त्याच क्षेत्रातील रॉबर्ट स्लाव्हिन यांचे म्हणणे गटाचे ध्येय आणि वैयक्तिक उत्तरदायित्व दोन्ही हवीत असे आहे. गटश्रेणी तोंडी जाहीर करावी आणि प्रगतिपुस्तकात केवळ वैयक्तिक गुण नोंदवावेत, ही तडजोड त्याच्याशी सुसंगत आहे. गुण कधी सांगावेत हेही महत्त्वाचे. रूथ बटलर यांच्या १९८८ च्या प्रयोगात केवळ शेरा मिळालेल्यांची कामगिरी सुधारली. शेऱ्यासोबत गुणही मिळालेल्यांना तो लाभ झाला नाही. म्हणून चर्चा संपताच नकाशा दाखवून पाच मिनिटे बोलावे व गुण पुढच्या तासाला द्यावेत. एका चर्चेवरचे गुण भरवशाचे नसतात. सत्रात तीन-चार तरी चर्चा हव्यात.

महाराष्ट्रात : शिक्षण हक्क कायद्यानंतर २०१० मध्ये पहिली ते आठवीसाठी लागू झालेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात गटचर्चेचा उल्लेख आकारिक (शिकण्याच्या ओघात वेळोवेळी होणाऱ्या) मूल्यमापनातील ‘तोंडी काम’ या साधनाखाली आहे. दहावीच्या भाषा विषयांचे वीस अंतर्गत गुण २०१८-१९ मध्ये काढून पुढील वर्षी परत देण्यात आले. ते मुख्यतः श्रवण-भाषण कौशल्याचे आहेत.

साठ विद्यार्थ्यांच्या वर्गात बारा आत व अठ्ठेचाळीस बाहेर अशी दुहेरी बैठक सोयीची. आतल्या प्रत्येकावर बाहेरचे दोघे स्वतंत्रपणे खुणा करतात, उरलेले चोवीस जण मुद्दे टिपतात. दोघांच्या खुणा फार वेगळ्या आल्या तर शिक्षकाची नोंद प्रमाण धरावी. पस्तीस मिनिटांच्या तासिकेत एक फेरी बसते, पाच तासिकांत वर्ग पूर्ण होतो. बाके हलवता येत नसतील तर वर्तुळ व्हरांड्यात करतात.