टर्मिनल आपल्याला ‘नक्की उडवू का?’ असं कधीपासून विचारायला लागलं

टर्मिनलवर, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, आरएम ही फाईल काढायची कमांड मारली की फाईल गेली, ना रिसायकल बिन ना अंडू, हे पहिल्यांदा कळतं तेव्हा कुणालाही वाटतंच की एवढी डेंजर कमांड आहे तर ती आधी विचारत का नाही. त्यासाठी 1970 च्या आसपासच्या बेल लॅब्ज या अमेरिकन संशोधन संस्थेत जावं लागतं. केन थॉम्पसन, डेनिस रिची ही मंडळी युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम लिहीत होती तेव्हा समोर टेलिटाइप असायचा, म्हणजे कागदावर खडखड छापणारं मशीन, आणि त्यातल्या मॉडेल 33 चा स्पीड होता सेकंदाला 10 अक्षरं. अशा मशीनवर प्रत्येक कमांड दोन-दोन ओळी बडबडायला लागली तर माणूस नुसता कागद बघत बसणार. त्यात एका प्रोग्रॅमचं आउटपुट पाइपने दुसऱ्याला द्यायची पद्धत आली, तिथे मध्येच प्रश्न विचारणारा प्रोग्रॅम सगळंच अडवून ठेवतो, म्हणून काम झालं की गप्प बसायचं हीच शिस्त पडली.

तरी युनिक्सच्या 1979 च्या सातव्या एडिशनमध्ये आरएमला विचारायची सोय होती. कमांडला मायनस आय हा पर्याय जोडला की एकेका फाईलचं विचारायचं, आणि न देता सुद्धा, फाईलला राइट परमिशन (त्यात बदल करायची परवानगी) नसेल आणि समोर खरंच टर्मिनल असेल तर ते परमिशनचे आकडे छापून थांबायचं, ओळ वाय ने सुरू झाली तरच डिलीट. हे ‘समोर टर्मिनल आहे का’ बघणं मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण स्क्रिप्ट चालू असेल तर उत्तर द्यायला कुणी बसलेलंच नसतं. गंमत म्हणजे त्याच एडिशनमध्ये येस नावाची कमांड पण आहे, तिचं काम एकच, वाय वाय वाय छापत राहायचं, म्हणजे प्रश्न आणि पळवाट दोन्ही एकाच डब्यातून आले.

पुढे रेड हॅट या लिनक्स कंपनीने रूट यूजरसाठी, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्यासाठी, एलियस (कमांडचं टोपणनाव) लावून आरएम म्हणजे आरएम मायनस आय असंच करून टाकलं. हेतू चांगलाच, पण 200 फाईली काढायच्या असतील तर 200 वेळा वाय दाबायचं, मग लोकांची बोटं आपोआप काहीही न विचारता उडवणाऱ्या मायनस एफ कडे वळली आणि जिथे खरंच थांबायला हवं होतं तिथेही कुणी थांबेना. डिझाइनतज्ज्ञ डॉन नॉर्मन यांनी 1983 मध्येच लिहून ठेवलंय की माणूस कन्फर्म करतो ती कृती, चुकीची असते ती फाईल, आणि तिकडे त्याचं लक्षच नसतं. लिनक्सवरच्या आरएमसारख्या मूळ कमांडांचा संच असलेल्या जीएनयू कोअरयुटिल्सने 2006 मध्ये कॅपिटल आय चा पर्याय आणला, तीनपेक्षा जास्त फाईली असतील किंवा आख्खं फोल्डर आतपर्यंत काढायचं असेल तर एकदाच विचारणार. त्याच वर्षी त्याच्या 6.4 व्हर्जनमध्ये रूट डिरेक्टरी, म्हणजे सगळ्या फाईली ज्यात असतात ते मूळ फोल्डर, उडवायला थेट नकार हा डिफॉल्ट झाला. पण हा नकार सुद्धा पुरत नाही हे 2015 मध्ये दिसलं, स्टीम या गेम्सच्या अ‍ॅपच्या लिनक्स स्क्रिप्टमध्ये फोल्डरचं नाव असलेलं व्हेरिएबल रिकामं राहिलं की आरएमला स्लॅश आणि स्टार, म्हणजे मूळ फोल्डरमधलं सगळं, एवढंच उरायचं, शेल (कमांड आधी वाचणारा प्रोग्रॅम) त्याची आधीच यादी करून देतं, मग आरएमला त्यात रूट कुठे दिसणार.

मायक्रोसॉफ्टच्या बाजूला मला एक गोष्ट खूप आवडते, हार्ड डिस्क फॉरमॅट करताना ते ड्राइव्हचं सध्याचं व्हॉल्यूम लेबल टाइप करायला लावतं. वाय सवयीने दाबला जातो, नाव टाइप करायचं तर कुठला ड्राइव्ह ते डोक्यात यावंच लागतं.

31 जानेवारी 2017 ची गिटलॅब या कोड साठवायच्या साइटची घटना तर प्रत्येक टूल लिहिणाऱ्याने वाचावी अशी आहे. रात्री उशिरापर्यंत काम करणाऱ्या इंजिनियरला दुय्यम डेटाबेस सर्व्हरवरचं फोल्डर रिकामं करायचं होतं, कमांड चालली मुख्य सर्व्हरवर, एक-दोन सेकंदात लक्षात येऊन थांबवली तोवर सुमारे 300 जीबीतले 4.5 जीबी उरलेले. बॅकअप वर्जनच्या गोंधळामुळे होतच नव्हते, फेल झाल्याचे मेलही पोचत नव्हते, शेवटी साधारण सहा तास आधीच्या एका स्नॅपशॉटवर (त्या क्षणी घेतलेल्या प्रतीवर) निभावलं. इथे ‘नक्की का’ विचारून काय झालं असतं, त्याला तर खात्रीच होती! ‘तुम्ही मुख्य सर्व्हरवर आहात, एवढे जीबी जाणार’ असं समोर आलं असतं तर हात थांबायची शक्यता होती, आणि नंतर त्यांनी हाती घेतलेल्या कामांत प्रॉम्प्टवरच, म्हणजे कमांड टाइप करतो त्या ओळीवरच, कुठला सर्व्हर ते ठळक दिसेल असं करणंही होतं. महिन्याभरात 28 फेब्रुवारीला अमेझॉनच्या एस 3 या डेटा साठवायच्या सेवेत कमांडमधलं एक इनपुट चुकलं आणि ठरवल्यापेक्षा जास्त सर्व्हर निघाले, त्यांनी मग टूलच बदललं, सर्व्हर हळू काढायचे आणि किमान क्षमतेच्या खाली जाऊच द्यायचं नाही.

त्याच वर्षी सर्व्हर वगैरे कोड लिहून उभारायच्या टेराफॉर्म या टूलच्या 0.11 मध्ये अप्लाय, म्हणजे बदल लागू, करताना काय बनणार, काय जाणार ही यादी आधी दाखवून मग पूर्ण येस टाइप करायला लावणं आलं, नुसता वाय चालत नाही. यादी आधी, प्रश्न नंतर, हा क्रम मला सगळ्यात पटतो. स्क्रिप्टसाठी वेगळा ऑटो अप्रूव्ह फ्लॅग आहे, तो कुणीतरी मुद्दाम लिहावा लागतो, आणि तो कोडमध्ये रिव्ह्यूला दिसतो.

पण यादी सुद्धा लांबलचक असली की कोण वाचतं. डेबियन या लिनक्सच्या एपीटी या सॉफ्टवेअर पॅकेजेस टाकायच्या-काढायच्या टूलमध्ये अत्यावश्यक पॅकेज निघणार असेल तर ‘येस, डू अ‍ॅज आय से!’ हे आख्खं वाक्य उद्गारचिन्हासकट टाइप करायला लागायचं, याहून कडक प्रश्न काय असणार? नोव्हेंबर 2021 मध्ये यूट्यूबवाले लायनस सेबॅस्टियन पॉप ओएस या लिनक्सवर फक्त स्टीम इन्स्टॉल करायला गेले, पॅकेजच्या गडबडीमुळे एपीटीने डेस्कटॉपच काढायचं ठरवलं, वॉर्निंग आली, त्यांनी ते वाक्य टाइप केलं आणि डेस्कटॉप गेला. यात यूजरला दोष देणारे भरपूर निघाले, मला ते पटत नाही, स्टीम मागितलेल्या माणसाला ‘डेस्कटॉप काढू का’ हा प्रश्नच का पडावा? एपीटीवाल्यांनाही बहुतेक तेच वाटलं असावं, त्याच महिन्यात आलेल्या 2.3.12 मध्ये त्यांनी अत्यावश्यक पॅकेज काढून मार्ग शोधणं सॉल्व्हरमधूनच, म्हणजे काय टाकायचं, काय काढायचं ते ठरवणाऱ्या भागातूनच, बंद केलं.