रेडिओॲक्टिव्ह मॅन

रेडिओॲक्टिव्ह मॅन हा 'द सिम्पसन्स' या अमेरिकन कार्टून मालिकेतल्या कॉमिक्सचा सुपरहिरो. म्हणजे मालिका मॅट ग्रेनिंगची, फॉक्स या टीव्ही चॅनेलवर १७ डिसेंबर १९८९ ला सुरू झालेली, त्यात स्प्रिंगफील्ड नावाचं गाव, गावात दहा वर्षांचा बार्ट, आणि बार्टच्या हातात जे कॉमिक असतं त्यातला हा हिरो. थोडक्यात गोष्टीतल्या गोष्टीतला माणूस. मालिकेत तो स्वतः उडताना, हाणामारी करताना फार कमी दिसतो, दिसतात ती त्याच्यापायी वेडी झालेली पोरं, आणि माझ्या मते या पात्राचा सगळा जीव तिथेच आहे.

त्याची जन्मकथा अशी, की क्लॉड केन नावाचा माणूस अणुचाचणीच्या जागेवर असतो, त्याची पँट काटेरी तारेत अडकते, तेवढ्यात बॉम्ब फुटतो आणि हा मरायच्या ऐवजी सुपरहिरो होऊन बसतो. पुढे निघालेल्या खऱ्या कॉमिक्समध्ये हा क्लॉड गडगंज श्रीमंत दाखवलाय, आणि डोक्यात विजेच्या आकाराचा तुकडा रुतलेला, जो काही केल्या निघत नाही, म्हणून साध्या कपड्यात असला की टोपी घालून तो झाकायचा. सोबत फॉलआउट बॉय नावाचा पोरगा, बॅटमनसोबत रॉबिन असतो तसा. आरोळी 'अप अँड ॲटम!', इंग्रजीत 'चला, तुटून पडा' या अर्थाचे 'अप अँड ॲट देम' असे जे शब्द आहेत त्यांच्या उच्चारात ॲटम म्हणजे अणू घुसवलाय, मराठीत ती गंमत आणणं अवघडच.

ही जन्मकथा हवेतून आलेली नाही. नेवाडाच्या वाळवंटात अमेरिकेने १९५१ पासून अणुचाचण्या सुरू केल्या आणि मालिकेतल्या पहिल्या अंकाचं साल आहे १९५२. लोकांच्या मनात किरणोत्साराची भीती पण होती आणि कुतूहल पण, आणि पुढे १९६२ मध्ये मार्व्हलने त्याच मातीतून दोन मोठे हिरो काढले, गॅमा बॉम्बने झालेला हल्क आणि किरणोत्सारी कोळी चावून झालेला स्पायडरमॅन. रेडिओॲक्टिव्ह मॅन ही या सगळ्या पिढीची नक्कल, पण प्रेमाने केलेली. त्यात स्प्रिंगफील्डमध्ये अणुवीज प्रकल्प, बार्टचा बाप होमर तिथेच कामाला, त्यामुळे या गावातल्या पोरांचा हिरो दुसरा कोण असणार!

आता ९ मे १९९१ चा एपिसोड, जो कोणी बघितला नसेल त्याने आधी तो बघावा. एका कॉमिक विकणाऱ्याकडे बार्टला रेडिओॲक्टिव्ह मॅनचा पहिला अंक दिसतो, किंमत १०० डॉलर. हा दुकानवाला म्हणजे जाडा दाढीवाला 'कॉमिक बुक गाय' (इंग्रजीतला guy, म्हणजे कॉमिकवाला माणूस), तो मालिकेत पहिल्यांदा याच एपिसोडमध्ये आला. पैशासाठी बार्ट मिसेस ग्लिक या म्हातारीकडे राबतो, तण उपटून हात सोलून निघतात, वर ती जखमांवर चरचरणारं आयोडीन लावते, आणि एवढं सगळं करून हातावर टेकवते ५० सेंट. शेवटी बार्ट आणि त्याच्या शाळेतले मिलहाउस आणि मार्टिन असे तिघं पैसे एकत्र करून अंक घेतात. घेतला खरा, पण आता तो रात्री कोणाकडे राहणार? कोणाचा कोणावर विश्वास नाही, म्हणून तिघंही झाडावरच्या खोपटात त्याच्याभोवती पहारा देत बसतात, बाहेर वादळ, मार्टिन रात्री नुसता उठला तरी संशयावरून त्याला बांधून ठेवतात, मग बार्ट आणि मिलहाउसची झटापट, मिलहाउस खाली लोंबकळतोय, बार्टने त्याची बाही धरलीय आणि दुसरीकडे वाऱ्याने अंक उडायला लागलाय. बार्ट मित्राला वाचवतो, पण तो अर्धा क्षण जो विचार करतो ना, तो चेहरा बघण्यासारखा आहे. अंक उडतो, वीज पडते, चिंध्या. लहानपणी ज्याने एखादं कॉमिक छातीशी धरून ठेवलंय आणि भावंडांनाही हात लावू दिला नाही, त्याला ही रात्र वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

२४ सप्टेंबर १९९५ च्या एपिसोडचं नावच 'रेडिओॲक्टिव्ह मॅन'. हॉलिवूडवाले सिनेमा काढायला स्प्रिंगफील्डला येतात, हिरो रेनियर वुल्फकॅसल, जो उघडउघड अर्नोल्ड श्वार्झनेगरवर बेतलाय, त्याला ती आरोळी काही नीट म्हणता येत नाही. फॉलआउट बॉय व्हायला बार्ट जातो पण एक इंच कमी भरतो, आणि रोल मिळतो मिलहाउसला, ज्याला तो नकोच असतो. तोच सीन पुन्हा पुन्हा शूट करून मिलहाउस कंटाळून ऐनवेळी पळतो, सेटवर खऱ्या ॲसिडचा लोट येतो आणि वुल्फकॅसल ओरडतो की गॉगलचा काही उपयोग नाही, हा डायलॉग आजही मीममध्ये फिरतो. गाव मात्र शूटिंगवाल्यांना इतकं लुटतं, दिग्दर्शकाच्या फुगीर पँटवर पण टॅक्स, की सिनेमा बंद पडतो. याच एपिसोडमध्ये जुन्या रेडिओॲक्टिव्ह मॅन सिरियलचा एक तुकडा आहे, १९६६ च्या बॅटमन सिरियलची हुबेहूब नक्कल.

कॉमिक खरोखर आलं १९९३ मध्ये, ग्रेनिंग आणि साथीदारांनी काढलेल्या बोंगो कॉमिक्सकडून. सहा अंक, पण नंबर सलग नाहीत, १, ८८, २१६, ४१२, ६७९ आणि १०००, जणू मधले शेकडो अंक आपल्याकडून हुकलेत. ही कल्पना मला फार आवडते. प्रत्येक अंक वेगवेगळ्या काळातला, पहिल्यात कम्युनिस्टांची धास्ती, १९७० च्या दशकातला सामाजिक प्रश्नांवर बोलणारा, १९८६ चा काळोखा आणि उदास. एका हिरोत अमेरिकन कॉमिक्सचा अख्खा इतिहास बसवलाय. पहिल्या अंकाचं कव्हर अंधारात चमकायचं. १९९२ मध्ये बार्टमॅन, म्हणजे बार्टचंच सुपरहिरो रूप, त्याच्यासोबत व्हिडिओ गेम पण आला होता.

नावावरून घोळ नको. मार्व्हलमध्येही एक रेडिओॲक्टिव्ह मॅन आहे, १९६३ चा, थॉरचा शत्रू चेन लू, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. फॉल आउट बॉय या शिकागोकडच्या रॉक बँडचा मात्र आहे, सुरुवातीच्या एका शोमध्ये समोरच्या गर्दीतून कोणीतरी हे नाव ओरडलं आणि तेच राहिलं.