विमान भरलं म्हणजे कंपनी फायद्यात? नाही!

चिकलठाण्याहून एखादी विमानसेवा बंद झाली की संभाजीनगर-जालन्यात हमखास ऐकू येतं, "अहो, विमान तर गच्च भरून जात होतं, मग तोटा कसला?" ही समजूत वर्षानुवर्षं फिरतेय आणि ती चुकीची आहे.

एसटीत शेजारी बसलेल्या दोघांचं भाडं सारखं असतं, विमानात नसतं. मागच्या दिवाळीत मुंबईला जाताना शेजारच्या काकांशी तिकीट ताडून पाहिलं. त्यांनी दीड महिना आधी काढलेलं, मी आदल्या दिवशी. माझ्या पैशांत त्यांची दोन तिकिटं आली असती! म्हणजे खुर्च्या किती भरल्या यापेक्षा किती रुपयांना भरल्या, हे महत्त्वाचं.

खर्चाकडेही बघा. शंभरातले तीस-चाळीस रुपये इंधनालाच जातात. ते अजून जीएसटीबाहेर, त्यामुळे राज्याचा व्हॅट लागतो. बहुतेक विमानं भाड्याची आणि भाडं डॉलरमध्ये. रुपया घसरला की एकही प्रवासी कमी न होता तोटा वाढतो. २०२३ मध्ये गो फर्स्ट बंद पडली तेव्हा कंपनीने कारण दिलं इंजिनांचं: निम्मी विमानं जमिनीवर उभी होती.

नांदेडचंच घ्या. २७ एप्रिल २०१७ ला, लहान शहरं विमानाने जोडणाऱ्या केंद्राच्या उडान योजनेच्या पहिल्याच दिवशी नांदेड–हैदराबाद विमान सुरू झालं. या योजनेत निम्म्या खुर्च्यांचं भाडं बांधलेलं, तासाभराला अडीच हजारांच्या आसपास. तूट भरायला सरकारी मदत मिळते, पण तीन वर्षंच. पुढे तेच भरलेलं विमान कंपनीला स्वतःच्या खिशातून उडवावं लागतं.