‘लाल नको, चौकडी नको’: घरच्या फोटोंतल्या कपड्यांच्या सल्ल्यामागचा इतिहास

साताऱ्यात किंवा सांगलीत बाळाचा वा सगळ्या घराचा फोटो काढायचं ठरलं, की फोटोग्राफरकडून आधी व्हॉट्सॲपवर सूचना येतात. साधे रंग घाला, बारीक चौकडी टाळा, भडक लाल नको, सगळ्यांनी क्रीम किंवा पांढरं घातलं तर उत्तम. यातली प्रत्येक सूचना वेगळ्या काळात, वेगळ्या साधनाच्या मर्यादेतून आली आहे. काही मर्यादा केव्हाच संपल्या, सूचना तेवढ्या उरल्या. काही आजही खऱ्या आहेत, पण कारण ठाऊक नसल्यामुळे नको तिथे लावल्या जातात.

फोटोग्राफीची पहिली यशस्वी पद्धत 1839 मध्ये पॅरिसला जाहीर झाली. 1854 मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे तिच्या सुरुवातीच्या भारतीय सभासदांपैकी एक. त्या काळात चालायची ती फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी 1851 मध्ये मांडलेली ओल्या काचेची, म्हणजे कलोडियनची पद्धत. काचेला रसायन लावायचं, ती ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि लगेच धुवायचा. सगळा खेळ दहाएक मिनिटांचा, आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर त्याहून कमी.

या काचेला निळा, जांभळा आणि डोळ्यांना न दिसणारा अतिनील प्रकाश तेवढा कळायचा. लाल, हिरवा आणि पिवळा तिच्या लेखी जवळजवळ अंधारच. त्यामुळे कुंकू काळं यायचं, हळदीचा पिवळा काळपट यायचा, हिरवं लुगडं आणि लाल लुगडं दोन्ही सारखीच काळी दिसायची. उलट निळा रंग पांढुरका पडायचा. साडीवरची सोनेरी जर पिवळी असल्यामुळे गडद यायची, फक्त जिथे ती चमकायची तिथे पांढरे ठिपके उमटायचे. माणसाच्या त्वचेत लाल-पिवळी छटा असतेच, म्हणून चेहरेही असतात त्याहून सावळे यायचे. फिक्या कपड्यांची शिफारस इथून सुरू झाली. आधीच काळवंडलेला चेहरा आणि त्याखाली काळा पडलेला पोशाख असं झालं की फोटोत उरायचं काय?

जुना फोटो वाचताना हे पक्कं लक्षात ठेवायला हवं. खापरपणजीची साडी काळी दिसते म्हणून ती काळी होती असं नाही. लाल किंवा हिरवी असण्याचीच शक्यता जास्त. मोबाइलवरची फोटो रंगवणारी ॲप्स इथेच फसतात. त्यांना करड्या छटेवरून मूळ रंग कळू शकत नाही, ती अंदाज बांधतात. असा फोटो रंगवून भिंतीवर लावायचा असेल, तर घरातल्या सगळ्यांत जुन्या माणसाला आधी साडीचा रंग विचारावा.

1873 मध्ये हर्मान फोगेल यांना काचेवरच्या रसायनात विशिष्ट रंगद्रव्य मिसळल्यावर हिरवाही टिपता येतो असं आढळलं. त्यातून आलेल्या ऑर्थोक्रोमॅटिक काचा आणि फिल्म अनेक दशकं स्टुडिओंमध्ये चालल्या. त्यांना हिरवा आणि पिवळा कळे, लाल मात्र कळत नसे. डार्करूममध्ये लाल दिवा चालायचा तो त्यामुळेच. सगळे रंग टिपणाऱ्या पॅनक्रोमॅटिक काचा 1906 पासून विकत मिळू लागल्या. म्हणजे ‘लाल नको’ या सूचनेला पहिली साठ-सत्तर वर्षं भक्कम आधार होता. आज लाल टाळण्याचं कारण निराळं आहे, ते पुढे येईल.

दुसरी मर्यादा वेळेची. कलोडियनच्या काचेला स्टुडिओतल्या चांगल्या उजेडातही काही सेकंद लागायचे आणि तेवढा वेळ हलायचं नाही. खुर्ची, गोल टेबल, त्यावरची फुलदाणी, लोड, हातातलं पुस्तक हे सगळं शोभेच्या आधी आधारासाठी आलं. टेबलावर हात टेकला की खांदा डुलत नाही. मोठ्यांच्या डोक्यामागे लोखंडी चिमटा लावायचे. तान्ह्या बाळाला चिमटा कसला लावणार? मग आई चादर किंवा पडदा अंगावर घेऊन खुर्चीसारखी बसायची आणि बाळ तिच्या मांडीवर; युरोप-अमेरिकेतले असे कितीतरी फोटो आजही मिळतात. बाळाच्या फोटोतली पहिली प्रॉप, म्हणजे फोटोसाठी मांडलेली वस्तू, ही झाकलेली आई होती. काचा वेगवान झाल्यावर आधाराची गरज संपली, पण टेबल आणि फुलदाणी तिथेच राहिली.

मागच्या पडद्याला आपल्याकडे आणखी एक नातं आहे. सांगलीत 1843 मध्ये विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगमंचावर आणलं. पुढे संगीत नाटकांबरोबर महाल, बाग, जिने रंगवलेले पडदे आले. शेजारच्या कोल्हापुरात आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे दोघे अशा पडद्यांसाठी नावाजले गेले. स्टुडिओतल्या पडद्याची ठेवण तीच: खांब, कठडा, लांबवर जाणारा जिना. फरक रंगाचा. कृष्णधवल फोटोसाठी पडदा बहुधा करड्या किंवा तपकिरी छटांतच रंगवायचे, म्हणजे डोळ्यांना दिसतं तेच काचेवर येतं. रंगीत फोटो आल्यावर हेच पडदे मळकट दिसू लागले. त्यांच्या जागी निळं आकाश आणि धबधबे आले. हा बदल सुधारणा म्हणून झाला खरा, पण दर्जा घसरला. करड्या पडद्यापुढे चेहरा उठून दिसायचा, धबधब्यापुढे तो हरवतो.

पोशाखावरही नाटकाचा ठसा आहे. 1905 मध्ये मिरजेत ‘शाकुंतल’मधून पदार्पण करणाऱ्या बालगंधर्वांची स्त्रीवेषातली छायाचित्रं पुढे घरोघरी पोचली. त्यांची साडी, पदर, गजरा आणि नथ यांचं अनुकरण महाराष्ट्रातल्या बायका करत. त्या पिढीतल्या स्त्रियांच्या फोटोंमध्ये पदर खांद्यावरून नीट पसरलेला आणि काठ पूर्ण दिसेल असा असतो. काठ आणि पदर दिसायलाच हवा ही अपेक्षा आजही रास्त आहे. नऊवारीचा फोटो छातीपर्यंतच कापला, तर ती नऊवारी नेसण्याचे कष्ट वाया गेले.

रंगीत फिल्म आल्यावर नव्या अडचणी उभ्या राहिल्या. साध्या डब्यासारख्या आग्फा क्लिक-थ्रीमध्ये 120 च्या एका रोलवर चौकोनी 12 फोटो यायचे, तेही बहुधा कृष्णधवल. रंगीत रोल आणि लॅब तालुक्यांपर्यंत रुळली त्यानंतर. लॅबमधलं प्रिंटिंग यंत्र एक ठरावीक गृहीत धरून चालायचं: फोटोतले सगळे रंग एकत्र केले की सरासरी करडी येते. बाळाला मोठ्या लाल चादरीवर झोपवलं की यंत्र लाल जास्त झाला असं समजून तो कमी करायचं आणि बाळाचा चेहरा हिरवट-निळसर पडायचा. हिरवळीवर काढलेल्या फोटोत चेहरे गुलाबी-जांभळे व्हायचे. चांगला ऑपरेटर बटणांनी हे सुधारायचा, घाईतला सुधारायचा नाही. ‘मागचा रंग भडक नको, मोठा भाग एका रंगाचा नको’ ही सूचना या यंत्रातून आली. मोबाइलचं आपोआप रंग जुळवणं आजही याच चुकीला बळी पडतं, म्हणून ती अजून उपयोगाची आहे. उपाय सोपा आहे. चौकटीत थोडं पांढरं किंवा करडं कापड असू द्यावं, नंतर रंग सुधारताना तेच पांढरं धरून चालावं.

बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांतला सेन्सर ब्राइस बायर यांच्या 1976 च्या पेटंटमधल्या मांडणीवर चालतो: प्रकाश टिपणारे निम्मे ठिपके हिरव्यासाठी, पाव लालसाठी, पाव निळ्यासाठी. याचे दोन परिणाम कपड्यांवर दिसतात. बारीक चौकडी, बारीक रेघा किंवा खणासारखी घट्ट वीण या ठिपक्यांच्या जाळीशी भांडते आणि कापडावर इंद्रधनुषी लाटा उमटतात. मोठी चौकडी चालते. खण नेसायचाच असेल, आणि आपल्या भागात तो नेसायलाच हवा, तर फोटोग्राफरने थोडं जवळ किंवा लांब सरकून पाहावं, म्हणजे लाटा जातात. दुसरा परिणाम लाल आणि राणी रंगाचा. असा गडद रंग फक्त पाव ठिपक्यांवर टिपला जातो आणि लाल भाग लवकर भरून वाहतो. मग शालूवरचं नक्षीकाम नाहीसं होऊन सपाट लाल डाग उरतो. उजेड अर्धा ते एक स्टॉप (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा) कमी ठेवला की वीण परत दिसते. थोडक्यात, लाल आजही चालतो, तो टिपायची काळजी तेवढी घ्यावी लागते.

बाळाच्या कपड्यांचा प्रवास वेगळा आहे. मुलीला गुलाबी, मुलाला निळा ही वाटणी आपली नाही. ती अमेरिकेतल्या कपड्यांच्या बाजारात विसाव्या शतकात पक्की झाली. आपल्याकडे पहिली झबली जुन्या, धुऊन मऊ झालेल्या धोतराची किंवा लुगड्याची. मुलगा असो की मुलगी, टोपडं, खणाची कुंची, मनगट्या, वाळे सारखेच. जुन्या फोटोंत फ्रॉक घातलेला, वेणी घातलेला मुलगाही दिसतो. कुंची ही फोटोच्या दृष्टीने फार चांगली वस्तू आहे. ती चेहऱ्याभोवती गडद चौकट करते आणि बाळाचं डोळे-नाक लगेच नजरेत भरतं. तिची जरीची किनार गालाला टोचते, म्हणून आत मलमलची पट्टी शिवून घ्यावी.

टोपलीत, भोपळ्यात, फुलांत झोपलेली बाळं ही शैली ॲन गेडिस यांच्या छायाचित्रांमुळे 1990 च्या दशकात जगभर गेली. पाठोपाठ नवजात बाळाचं पोजिंग आलं: वय 5 ते 14 दिवस, बाळ गाढ झोपेत, अंगाची घडी घातलेली. आपल्याकडे सव्वा महिना बाळ-बाळंतीण घराबाहेर पडत नाहीत. त्यानंतर बाळाचे हातपाय ताठ होऊ लागतात, तेव्हा त्याला त्या घडीत बसवायला जाऊ नये. हनुवटी दोन्ही हातांवर टेकलेली जी पोज दिसते, ती दोन फोटो जोडून केलेली असते. एकात मोठ्या माणसाने डोकं धरलेलं, दुसऱ्यात मनगटं. ती एका फोटोत करायला जाणं धोक्याचं आहे. त्यापेक्षा बाळ दुपट्यात गुंडाळून उताणं, पाळण्यात किंवा आजीच्या मांडीवर घ्यावं. सूप किंवा परडी वापरायची तर तळाशी वाळूची पिशवी, वर जाड मऊ कापड, आणि एक हात सतत बाळाजवळ. घोंगडीचा काळा-करडा पोत माणदेशातून आलेल्या घरांना जवळचा वाटतो आणि फोटोत सुरेख दिसतो, पण लोकर बाळाच्या अंगाला थेट लागू देऊ नये. कपडे काढून फोटो घ्यायचे असतील तर खोली साधारण 26 ते 28 अंशांवर असावी.

पहिल्या आठवड्यात पुष्कळ बाळांना कावीळ असते. पिवळं दुपटं, पिवळी भिंत, पिवळा बल्ब यांनी ती अधिक भासते. लालसर अंगाच्या बाळाला लाल कापड तसंच वाईट. पांढरटसर किंवा फिका करडा रंग बरा. बाळ दिवसाच्या उजेडात खरोखरच पिवळं दिसत असेल, तर फोटो बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवावं.

बोरन्हाणाबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण रंग आणि प्रॉप यांची इतकी नेमकी जोडी दुसऱ्या कुठल्या सणात नाही. एरवी बाळाला टाळला जाणारा काळा रंग संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत मुद्दाम घातला जातो, वर पांढरे हलव्याचे दागिने. कॅमेरा काळं कापड पाहून फोटो उजळवतो. मग चेहरा पांढराफटक होतो आणि हलव्याचा काटा दिसेनासा होतो. मोबाइलवर चेहऱ्यावर बोट ठेवून उजेड थोडा खाली ओढावा. काटा दिसायला उजेड एका बाजूच्या खिडकीतून यावा, समोरून फ्लॅश नको. कापड सुती घ्यावं. सॅटिन चकाकतं आणि मखमल सगळा उजेड गिळून आकारच घालवते. मागे मोहरी किंवा क्रीम रंग ठेवावा. हलवा हवेतल्या ओलीने चिकट होतो, म्हणून दागिने घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवून अगदी शेवटी घालावेत. लहान बाळ दागिना तोंडात घालतंच, आणि बोरं, चुरमुरे, हलवा घशात अडकू शकतात. गळ्यातला हार सैल पण दोरा पक्का असावा. चार-पाच मिनिटांत फोटो उरकून दागिने उतरवावेत.

बाहेर फोटो काढायचे तर इथला काळा बेसाल्ट दगड आधी विचारात घ्यावा. वाईजवळचा मेणवलीचा घाट असो की कृष्णाकाठचा आणखी कुठला घाट, मागे करडा-काळा दगड असतो. त्यावर मोहरी, आंब्याचा पिवळा, डाळिंबी हे रंग खुलतात, काळा आणि गडद निळा बुडतो. कास पठार 2012 मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत गेलं. तिथली फुलं घोट्याएवढी, जांभळी, पिवळी, पांढरी. फुलाफुलांचा फ्रॉक घातलेलं मूल त्यात दिसतच नाही. एकरंगी कपडे घालावेत. फुलांत बसू नये, जांभ्यावरची माती तिथे बोटभर असते आणि तुडवलेली फुलं पुढच्या हंगामाचं बी धरत नाहीत. कुटुंब वाटेवरच उभं राहावं, कॅमेरा गुडघ्याच्या खाली न्यावा, म्हणजे कडेची फुलं पुढे धूसर येतात.

मोठ्या एकत्र कुटुंबात सगळ्यांनी पांढरं घालायची कल्पना आता रुळली आहे, पण तिने दहा-पंधरा माणसांचं एकच पांढरं ढेकूळ होतं आणि वर नुसती डोकी उरतात. त्यापेक्षा आजीच्या साडीपासून सुरुवात करावी, कारण आजी दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावरून साडी बदलणार नाही. तिची इरकल डाळिंबी काठाची असेल तर डाळिंबी एक-दोघांच्याच अंगावर, बाकीच्यांना त्या साडीच्या मुख्य रंगाच्या फिक्या-गडद छटा. पडद्यापुढे पाच-सहा जणांसाठी 10 फूट रुंदी आणि पडद्यापासून 4 ते 5 फूट अंतर लागतं, नाहीतर सावल्या आणि सुरकुत्या दोन्ही दिसतात.

दोन दिवस आधी सगळे कपडे खिडकीजवळ चादरीवर शेजारी-शेजारी मांडून मोबाइलने फोटो काढावा आणि तो कृष्णधवल करून पाहावा. जे दोन कपडे एकाच करड्या छटेचे दिसतील त्या दोघांना शेजारी उभं करू नये. लाल साडी आणि हिरवा ब्लाउज पुष्कळदा असेच एक होतात. बाळाचं लंगोट आणि मोजे फोटोच्या अर्धा तास आधी सैल करावेत, म्हणजे इलॅस्टिकचे वळ निघून जातात.