बचतीवरचे व्याज आणि पैसे काढण्याची मुभा : पार्श्वभूमी

दरमहा थोडी रक्कम बाजूला टाकायची, तिच्यावर बरे व्याज मिळावे आणि अडीनडीला पैसे विनाकटकट हाती यावेत, अशा खात्याची चौकशी आज कोणी केली, तर साधे बचत खाते, आवर्ती ठेव, ऑटो स्वीपचे खाते, टपालाची योजना, पतसंस्थेची पिग्मी असे अनेक पर्याय समोर येतात आणि त्यांच्या व्याजदरांत दुपटीहून अधिक अंतर आढळते. बचत खात्यापुरते हे अंतर अगदी अलीकडचे आहे. २५ ऑक्टोबर २०११ पूर्वी देशातल्या कोणत्याही व्यापारी बँकेत बचत खाते उघडले तरी दर एकच असे आणि तो देशाची मध्यवर्ती बँक ठरवून देत असे. मुदत ठेवींचे दर त्याआधीच, १९९७ च्या ऑक्टोबरमध्ये, पूर्णपणे बँकांच्या हाती सोपवण्यात आले होते. म्हणजे १४ वर्षे अशी गेली की मुदत ठेवीसाठी बँकांची तुलना करण्यात अर्थ होता, पण बचत खात्यासाठी नव्हता.

त्यामागचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबई, मद्रास आणि कलकत्ता इलाख्यांत सरकारी बचत बँका निघाल्या, १८८२ पासून टपाल कार्यालयांत बचत खाती उघडली जाऊ लागली आणि १९२८ मध्ये उडुपीच्या एका बँकेने रोज दोन आण्यांपासून घरोघरी रक्कम गोळा करण्याची पिग्मी योजना आणली. हीच योजना पुढे महाराष्ट्रातल्या सहकारी बँका आणि पतसंस्थांच्या दैनंदिन व्यवहाराचा भाग झाली. पैसे रोज भरण्याची सोय पिग्मीत पूर्ण होती. ते मुदतीआधी काढायचे झाल्यास मात्र व्याज बुडे, आणि अनेक ठिकाणी एजंटाचे कमिशनही ठेवीतूनच कापले जाई.

व्याज आणि पैसे काढण्याची मुभा या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध पारड्यांत टाकण्याची रीत सरकारी धोरणातही होती. १९७७ च्या जुलैपासून काही महिने बचत खात्यांचे सरळ दोन वर्ग करण्यात आले होते : चेकची सोय असलेल्या खात्याला ३ टक्के आणि ती नसलेल्या खात्याला ५ टक्के. १ मार्च १९७८ पासून हा भेद जाऊन सर्वांना ४.५ टक्के दर लागू झाला. पुढे १९९२ मध्ये तो ६ टक्क्यांवर गेला, १९९३ मध्ये ५, १९९४ मध्ये ४.५, २००० मध्ये ४ आणि १ मार्च २००३ पासून ३.५ टक्के झाला. तिथेच तो ८ वर्षांहून अधिक काळ थांबला.

दरापेक्षा व्याज मोजण्याची पद्धत खातेदाराला अधिक नडत होती, याकडे पुरेसे लक्ष दिले गेले नाही असे या विषयाचा अभ्यास करताना जाणवते. ३१ मार्च २०१० पर्यंत महिन्याच्या १० तारखेपासून अखेरच्या दिवसापर्यंत खात्यात जी सर्वांत कमी शिल्लक असेल, तिच्यावरच त्या महिन्याचे व्याज मिळे. एका ३० दिवसांच्या महिन्याचे उदाहरण घेऊ. खात्यात पहिल्या दिवसापासून ४०,००० रुपये आहेत आणि २८ तारखेला शाळेच्या फीसाठी ३५,००० काढले. जुन्या पद्धतीने त्या महिन्याचे व्याज उरलेल्या ५,००० रुपयांवरच, ३.५ टक्क्यांनी साडेचौदा रुपये. १ एप्रिल २०१० पासून रोजच्या शिलकीवर व्याज धरण्याचा नियम आला, त्यानुसार त्याच महिन्याचे व्याज १०५ रुपये होते. दर तोच, रक्कम तीच, आणि तरीही फरक सातपट. २७ दिवस बँकेने ती रक्कम वापरली आणि तिचा मोबदला दिला नाही, असाच जुन्या पद्धतीचा अर्थ होता. ज्याला महिन्याच्या उत्तरार्धात पैसे काढावे लागत, अशा माणसासाठी कागदावरची पैसे काढण्याची मुभा प्रत्यक्षात महाग पडत होती. शाखांतील हिशेब हाताने होत होते तोवर या पद्धतीला व्यवहारी कारण होते. संगणकीकरण झाल्यानंतरही ती काही वर्षे चालू राहिली, याचे समर्थन करणे कठीण आहे. टपालाच्या बचत खात्यात १० तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या किमान शिलकीची ही पद्धत आजही कायम आहे आणि तिथे व्याज आर्थिक वर्षाच्या अखेरीस जमा होते. बँकांना मात्र २०१६ पासून ते किमान दर तिमाहीला जमा करावे लागते. टपालाचा ४ टक्के दर मोठ्या बँकांच्या दरांशेजारी ठेवून पाहताना ही गोष्ट लक्षात घ्यावी लागते.

आता २०११ च्या निर्णयाकडे यावे लागते, कारण आजच्या निवडीचे सारे स्वरूप त्यातून आले आहे आणि त्याबद्दलचे मतभेद अजून मिटलेले नाहीत. एप्रिल २०११ च्या अखेरीस मध्यवर्ती बँकेने बचत खात्याचा दर मुक्त करावा की नाही यावर चर्चापत्र प्रसिद्ध केले आणि लोकांची मते मागवली. काही दिवसांतच, ३ मे रोजी, दर ३.५ वरून ४ टक्के केला. त्या सुमारास घाऊक महागाई ९ टक्क्यांच्या आसपास होती, म्हणजे बचत खात्यातील पैशाचे मोल दरवर्षी घटत होते. मुक्ततेच्या बाजूने सांगितले जाई की ठेवीदाराला बाजारातल्या दराचा लाभ मिळेल, बँका अधिक चांगल्या योजना आणतील आणि मध्यवर्ती बँकेने दर बदलला की त्याचा परिणाम बचतीपर्यंत पोहोचेल. विरोधकांच्या मते, बचत खात्यांतला स्वस्त पैसा बँका दीर्घ मुदतीच्या कर्जांसाठी वापरत होत्या, दरासाठी चढाओढ लागली तर हा पाया हलेल, आणि छोट्या शिलकीची खाती सांभाळणे बँकांना परवडेनासे झाले तर त्याचा फटका ग्रामीण आणि गरीब खातेदाराला बसेल.

२५ ऑक्टोबरचा निर्णय या दोहोंच्या मधला होता. दर बँकांनी ठरवावा, पण १ लाख रुपयांपर्यंतच्या शिलकीवर प्रत्येक बँकेने एकच दर द्यावा. १ लाखाच्या वर रकमेनुसार वेगळे दर देता येतील, मात्र समान रकमेच्या दोन खातेदारांत भेद करता येणार नाही. छोट्या ठेवीदाराच्या संरक्षणासाठी म्हणून या अटीचा उल्लेख होतो. प्रत्यक्षात तिने संरक्षण दिले ते समानतेचे, किमान दराचे नव्हे. १ लाखापर्यंत सर्वांना सारखेच द्यायचे एवढे बंधन राहिले, सर्वांना सारखेच कमी देण्याला मनाई राहिली नाही.

त्यानंतर जे घडले त्यात दोन्ही बाजूंचे अंदाज अंशतः चुकले. चढाओढीची भीती खरी ठरली नाही. काही नव्या खासगी बँकांनी लगोलग ६ टक्के आणि पुढे ७ टक्क्यांपर्यंत दर दिले, पण मोठ्या बँका ४ टक्क्यांवरून हलल्या नाहीत आणि त्यांचे खातेदारही फारसे हलले नाहीत. पगार तिथे जमा होतो, कर्जाचा हप्ता तिथून कापला जातो, गॅसचे अनुदान त्याच खात्यात येते. दोन टक्क्यांसाठी ही सगळी घडी मोडायला माणूस सहसा तयार होत नाही. ठेवीदाराला बाजारदराचा लाभ मिळेल हा अंदाजही चुकला. सर्वांत मोठ्या सरकारी बँकेने ३१ जुलै २०१७ पासून १ कोटीपर्यंतच्या शिलकीचा दर ३.५ टक्के केला आणि त्यावरील शिलकीला ४ टक्के ठेवले. एप्रिल २०२० मध्ये दर २.७५, मग २.७० आणि जून २०२५ पासून सरसकट २.५ टक्के झाला. १९७८ नंतरच्या नियंत्रित काळात तो ३.५ टक्क्यांच्या खाली कधी गेला नव्हता. २०२०-२१ मध्ये किरकोळ महागाई सरासरी ६ टक्क्यांच्या वर होती, हे त्यासोबत पाहावे. दर मुक्त करणे चुकीचे होते असे यावरून म्हणता येणार नाही. १ लाखापर्यंतच्या शिलकीसाठी तळाचा एक दर बांधून द्यायला हवा होता, असे मात्र म्हणता येते.

आवर्ती ठेव, म्हणजे आरडी, हा दरमहा टाकणाऱ्यांचा जुना मार्ग. टपालाच्या आरडीचे हप्ते गोळा करणाऱ्या महिला एजंट शहरांच्या चाळींत आणि तालुक्यांच्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहेत. ५ वर्षांच्या या योजनेचा दर ऑक्टोबर २०२३ पासून ६.७ टक्के आहे आणि दरमहा ५,००० रुपये भरल्यास मुदतीअखेर सुमारे ३,५६,८०० रुपये हाती येतात. मुभेच्या बाजूने पाहिले तर नियम कडक आहेत : ३ वर्षांपूर्वी खाते बंद करता येत नाही, आणि त्यानंतर मुदतीच्या एक दिवस आधी जरी बंद केले तरी व्याज बचत खात्याच्या दराने, म्हणजे ४ टक्क्यांनी, मिळते. १२ हप्त्यांनंतर शिलकीच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळते. गरज तात्पुरती असेल तर खाते बंद करण्यापेक्षा बहुधा हेच स्वस्त पडते. बँकांची आरडी मोडणे यापेक्षा सोपे असते, पण तिच्यावरच्या व्याजातून १ जून २०१५ पासून टीडीएस, म्हणजे व्याज देतानाच कापून घेतला जाणारा प्राप्तिकर, कापला जाऊ लागला. प्राप्तिकराच्या जुन्या प्रणालीत बचत खात्याच्या व्याजाला १०,००० रुपयांपर्यंत मिळणारी वजावट आरडीच्या व्याजाला मिळत नाही. ज्येष्ठ नागरिकांची वजावट तेवढी दोन्हींना धरते.

ऑटो स्वीप किंवा फ्लेक्सी नावाने ओळखली जाणारी खाती चढे व्याज आणि पैसे काढण्याची मुभा या दोन टोकांना जोडण्यासाठी आली. ठरावीक मर्यादेवरची शिलकी रक्कम आपोआप मुदत ठेवीत जाते आणि खात्यात पैसे कमी पडले की ठेवीचा लागेल तेवढाच भाग मोडतो. येथे पाहण्याची गोष्ट म्हणजे कोणती ठेव आधी मोडली जाते. शेवटची ठेव आधी मोडत असेल तर जुन्या ठेवींचे साचलेले व्याज शाबूत राहते. सर्वांत जुनी आधी मोडत असेल तर मुदत पुरी होत आलेल्या ठेवीवरचे व्याज घटते. मुदतपूर्व मोडण्याचा दंडही बँकेबँकेत वेगळा असतो. दरपत्रकात यांतले काहीच नसते, ते खात्याच्या अटींत शोधावे लागते.

पैसे काढण्याच्या मुभेला एक वेगळीच बाजू आहे, हे महाराष्ट्राला २०१९ च्या सप्टेंबरमध्ये कळले. मुंबईतील एका बहुराज्यीय सहकारी बँकेवर निर्बंध आले तेव्हा पहिल्या दिवशी प्रत्येक खातेदाराला ६ महिन्यांत मिळून फक्त १,००० रुपये काढण्याची परवानगी होती. ती मर्यादा टप्प्याटप्प्याने १०,०००, २५,०००, ४०,००० आणि ५०,००० अशी वाढवली गेली. ज्यांनी चांगल्या दरासाठी किंवा ओळखीच्या शाखेसाठी तिथे पैसे ठेवले होते, त्यांत निवृत्त माणसे आणि गृहनिर्माण सोसायट्याही होत्या. ठेवविम्याची मर्यादा तेव्हा १ लाख होती आणि ती १९९३ पासून बदललेली नव्हती. ४ फेब्रुवारी २०२० पासून ती ५ लाख झाली आणि २०२१ च्या दुरुस्तीने निर्बंध आल्यापासून ९० दिवसांत विम्याची रक्कम देण्याची तरतूद झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईच्याच दुसऱ्या एका सहकारी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला एक रुपयाही काढता येत नव्हता. ही ५ लाखांची मर्यादा एका बँकेतील सर्व शाखांमधली बचत, आरडी आणि मुदत ठेव मिळून, मुद्दल आणि व्याज धरून आहे. पतसंस्था या बँका नसल्याने त्यांतील ठेवींना हा विमा लागू होत नाही.

लघुवित्त बँका, म्हणजे स्मॉल फायनान्स बँका, २०१६ पासून सुरू झाल्या. त्यांना हा विमा लागू आहे आणि बचत खात्याला चढा दर देण्यात आज त्याच पुढे दिसतात. त्यांच्यापैकी अनेकींचा चढा दर १ लाखाच्या वरच्या भागालाच लागतो. समजा, १ लाखापर्यंत ३ टक्के आणि त्यावरील रकमेला ७ टक्के असे दर आहेत आणि खात्यात वर्षभर दीड लाख रुपये आहेत : पहिल्या लाखाचे ३,००० आणि उरलेल्या ५०,००० चे ३,५०० मिळून व्याज ६,५०० रुपये होते, म्हणजे प्रत्यक्ष दर ४.३३ टक्के पडतो. शिल्लक १ लाखाच्या आत असेल तर तो ३ टक्केच राहतो.